नवसाचा आहेर

वरच्या मजल्यावरच्या वहिनींकडे रोज नेसायला दोनच साड्या उरल्या होत्या, हे पुंडलिकनगरातल्या आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. गच्चीवरच्या दोरीवर एक वाळत असली की दुसरी त्यांच्या अंगावर असायची.

त्या बेने इस्रायल, म्हणजे मूळच्या अलिबागकडच्या ज्यू. गल्लीला तो फरक कळत नसे. बरेच जण त्यांना ख्रिश्चन समजायचे आणि डिसेंबर आला की केक मागायचे. त्या हसून चहा पाजायच्या. नवऱ्याची वाळूजच्या कारखान्यातली नोकरी गेली, मागोमाग किडन्या गेल्या. मशीनवर रक्त शुद्ध करून आला की तो माणूस जिना चढताना थंडीनं नुसता कापत असायचा. अंगात एक पातळ शर्ट. मला ते बघवत नसे.

लोकांचं भलं करायची मला खोड आहे, आणि त्यात घाई फार. एकदा स्वेटर घेऊन वर गेले. वहिनींनी दार अर्धंच उघडलं. "आहेत हो आमच्याकडे," म्हणाल्या आणि विषय कोथिंबिरीच्या भावावर नेला. स्वेटर पदराखाली लपवून मी चोरासारखी खाली आले.

त्याच हिवाळ्यात मला नातू झाला, तोही सातव्या महिन्यातच. बरेच दिवस काचेच्या पेटीत होता. घरी आणला तेव्हा इतका हलका, की उचलल्यावर हातात काही आहे असं वाटेना. सून सारखी त्याच्या नाकाशी बोट धरून बघायची. घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

आणि अशा घरात मला युक्ती सुचली. आहेर सहसा कुणी नाकारत नाही, आणि नवसाचा असला तर नाहीच नाही. मी गल्लीत सांगून टाकलं, की बाळ सुखरूप घरी आलं तर बारशाला शेजारच्या चारही घरांना कपडे करीन, असा नवस बोलले होते. असा कुठलाही नवस मी बोलले नव्हते. एवढ्याशा जिवाच्या नावानं आपण देवाशी खोटं बोललो, हे मनातून जाईना. तरी बाजारात गेले, चार घरांचे कपडे घेतले आणि वरच्यांच्या पिशवीत साडीखाली जाड लोकरी स्वेटर ठेवला.

बारशाला वहिनी आल्या त्या हातात वर्तमानपत्राचं पुडकं घेऊन. आहेर घ्यायला येणारी बाई रिकाम्या हातानं येणार नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी पिशवी पुढे केली. त्यांनी ती मान लववून घेतली, शेजारच्या खुर्चीवर ठेवली. मला वाटलं, जमलं. मग त्यांनी पुडकं सोडलं आणि पाळण्यात बाळाच्या पायाशी एक साडी ठेवली. पांढरीशुभ्र, बारीक जरीकाठाची.

लासूर स्टेशनहून आलेल्या माझ्या नणंदेला राहवलं नाही. "अगं माय, पांढरं? लेकराच्या पाळण्यात? आधीच ते कसं हाय..." पुढचं ती बोलली नाही, पण ते सगळ्यांना ऐकू आलं.

"माझ्या लग्नातली आहे," वहिनी म्हणाल्या. "आमच्यात नवरी पांढरंच नेसते. याहून चांगलं घरात काही नव्हतं."

मी साडी उचलली आणि खांद्यावर घेतली. "किती सुंदर आहे," म्हणाले. ती खरंच सुंदर होती. सुनेनं बाळाला उचललं, आतल्या खोलीत गेली आणि कडी लावली.

वहिनींना हाताला धरून मी जेवायला बसवलं आणि त्यांच्या शेजारी बसले. आणखी कुणी आमच्या पंगतीला आलं नाही. आतून बाळाची बारीक किरकिर ऐकू येत होती. मग ती एकदम थांबली. घास माझ्या हातातच राहिला. मी शिकलेली बाई, असल्या गोष्टी मानत नाही, असं आयुष्यभर सांगत आले होते. उठू नकोस, उठलीस तर यांना कळेल, असं स्वतःला बजावत मी बसून होते.

वहिनी ताटाकडे बघत हळूच म्हणाल्या, "बघून या बाळाला. मी जेवते."

मी धावले. सुनेनं कडी काढली. बाळ दूध पिऊन झोपलं होतं, पोट वरखाली होत होतं. मी भिंतीला टेकून उभी राहिले, तेव्हा कुठे लक्षात आलं, की आत शिरायच्या आधी खांद्यावरची साडी मी दाराबाहेर टाकून दिली होती.

बाहेर आले तर साडी जमिनीवर नव्हती. नीट घडी घालून खुर्चीवर ठेवलेली होती. तिच्याखाली माझी पिशवी, स्वेटरसकट. वहिनी वर निघून गेल्या होत्या.