कासमला न मिळालेला उन्हाळा

फोन आला तेव्हा माझ्या हातात कांदाभजी होती. सांगायला लाज वाटते, पण सुरुवात तिथूनच करायला हवी. मुंबईत, मुलीच्या घरी, सातव्या मजल्यावरच्या बाल्कनीत आम्ही बसलो होतो. मे महिना होता आणि माझ्या अंगावर शाल होती. महिनाभर हेच चाललं होतं... पंखे बंद, खिडक्या सताड उघड्या, समुद्रावरून गार वारा आणि दिवसाआड पाऊस. ज्या शहरात मे महिन्यात माणूस बसल्या जागी निथळतो, तिथे लोक पातळ स्वेटर घालून समुद्रावर फिरायला जात होते आणि लिफ्टमध्ये एकमेकांना पेढे वाटल्यासारखं सांगत होते, "यंदा उन्हाळा झालाच नाही!" मीही त्यातलाच. दोन दिवसांपूर्वी ढगांत बुडालेल्या समुद्राचा फोटो मी आमच्या शाळासोबत्यांच्या ग्रुपवर टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, 'मुंबईचं महाबळेश्वर!'

फोनवर रजिया होती, कासमची बायको. "गुरुजी, ह्ये गेले..." एवढंच म्हणाली. मला वाटलं, कुठे कामाला गेला असेल. "कुठे गेला?" असं मी विचारलंसुद्धा. पलीकडून रडणं आलं. मग तिच्या सुनेने फोन घेतला. छपरावरून पडले, पुण्याला नेता नेता वाटेतच संपले, उद्या सकाळी दफन. मी "हो, हो" म्हणत राहिलो. फोन ठेवला तेव्हा भजी मुठीत चुरडली गेली होती आणि मनगटापर्यंत तेल ओघळलं होतं. साबण लावून तीनदा धुतला, तरी त्या हाताची मला अजून किळस येते.

कासम आणि मी मुळशी तालुक्यातल्या पौडच्या शाळेत चौथीपासून एका बाकावर. मी माले गावचा, तो पौडच्या बाजारपेठेतला. मी शिकून त्याच तालुक्यात मास्तर झालो, तो बापाच्या धंद्यात गेला. धंदा म्हणजे घरं शाकारणं. मंगलोरी कौलांची घरं दर उन्हाळ्यात उघडावी लागतात. कौलं उतरवायची, झाडायची, फुटकी काढायची, खालच्या किडलेल्या लाकडी पट्ट्या बदलायच्या आणि पुन्हा एकावर एक चढवायची. पाडव्यानंतर सुरू होणारं हे काम मे संपेस्तोवर चाले. बाकीचे नऊ-दहा महिने कासम पडेल ते करी, पण तो स्वतःला म्हणवून घ्यायचा कौलवालाच. प्रत्येक कौल डाव्या तळहातावर धरून उजव्या हाताच्या बोटाच्या पेराने एकदा टकटक करायचा. डोळ्यांना न दिसणारी चीर त्याला कानांनी कळायची. आमच्या शाळेचं छप्पर तो उघडायचा तेव्हा वर्ग आंब्याखाली भरायचे आणि मुलांचं लक्ष फळ्याकडे नाही, वर असायचं. वर्षभरात कौलांवर अडकलेले चेंडू, भोवरे, एकदा तर माझीच हरवलेली छडी त्याने वरून खाली टाकली होती. छडी टाकताना ओरडला, "गुरजी, ही पोरांनी वर टाकली व्हती का तुमीच लपिवली व्हती?" सगळी शाळा हसली. त्यानंतर मी छडी वापरली नाही.

त्याचा एकच नियम होता. ओल्या कौलावर पाय ठेवायचा नाही. "वलं कौल आन् पिसाळलेलं कुत्रं, दोन्हीच्या वाटंला जायचं न्हाई," असं तो म्हणे. एका मोठ्या असामीच्या घरी लग्न होतं, आदल्या दिवशी वळवाची सर येऊन माजघर गळायला लागलं. बोलावणं आलं, जीपगाडी आली. कासम गाडीत बसून गेला, अंगणात उभं राहून छप्पर बघितलं आणि "वाळल्यावर येतो" म्हणून पायी परत आला. पाच मैल. त्याला भित्रा म्हणणारे खूप होते. मी कधी म्हटलं नाही, कारण मी वेगळं पाहिलं होतं. माझी बायको शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळली, तेव्हा भर श्रावणात नेमकं तिच्या खाटेवर गळायला लागलं. खाट हलवली तर तिला कळा येत. मी कासमला निरोप धाडला. तो छपरावर चढला नाही. दोन टेबलं एकावर एक ठेवून आतूनच वर गेला, मान वाकडी करून पट्ट्यांमध्ये हात घातला आणि एकेक कौल जागच्या जागी सरकवत दुपारपर्यंत उभा राहिला. पाणी त्याच्या बाहीतून आत शिरून कमरेपर्यंत गेलं. खाली उतरल्यावर बायकोला म्हणाला, "वैनी, आता झोपा बिनघोर." ती खरंच झोपली. पुढचे अकरा दिवस ती होती, तिच्या अंगावर थेंब पडला नाही.

मग काळ बदलला. गावात पत्रे आले, स्लॅब आले. पुण्याच्या बाजूला सूस, भुकूमकडे तर इमारतींची रांगच लागली. कौलं गेली असं वाटत असतानाच ती भलत्याच दारांनी परत आली. मुळशी धरणाच्या अंगाने शहरातल्या लोकांनी बंगले बांधायला घेतले आणि त्यांना 'अस्सल कौलारू' घर हवं होतं. मालेच्या वरच्या अंगाला असाच एक बंगला झाला. मालक मुंबईचे. रस्त्यात गाडी थांबवून त्यांनी मला विचारलं, "इथे कौलांचा जुना जाणकार कोणी आहे का?" मी अभिमानाने कासमचा नंबर दिला. हो, मीच दिला. कासमने लोखंडी पाइपांचा सांगाडा बघितला आणि सांगितलं, उतार कमी आहे, पाणी मागे फिरेल. नकाशा काढणारा हसला म्हणे. कासम मला म्हणाला, "घर न्हाई रं त्ये, देखावा हाय. पर बसवून देतो." बसवून दिलं आणि तेव्हापासून दर पावसाळ्यात ते गळायचं, दर उन्हाळ्यात तो दुरुस्त करायचा.

यंदा उन्हाळाच आला नाही. मेच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लागला तो उघडेना. कासमने चार घरं उघडून ठेवली होती, अर्धी कौलं अंगणात, अर्धी वर. त्याने मला मुंबईला फोन केला. आमचं ते शेवटचं बोलणं.

"वसंता, हा मे हाय का श्रावण? चार घरं माज्या हातानं उघडी पडल्याती. वर कागद टाकलाय, पर माणसं आत भिजत्याती."

मी म्हणालो, "इथे मात्र काय मस्त गारवा आहे, तुला सांगतो..."

 तो म्हणाला, "बरं हाय. तुमाला गारवा लागतुया, मला ऊन लागतंय. पंधरा दिस. लई न्हाई."

मी हसलो. त्यात हसण्यासारखं काय होतं, ते आज मला सांगता येत नाही.

पुढचं मला हौसाबाईने सांगितलं. हौसाबाई मालेच्या त्या बंगल्याची राखण करायची. साठीला आलेली विधवा बाई, मागच्या खोलीत राहायची. मुंबईत हवा अशी सुंदर, मग मुळशीत किती असेल, म्हणून बंगल्याचे मालक, तिचे साहेब, शनिवारी पाहुण्यांच्या दोन गाड्या घेऊन आले. वरच्या खोलीत गादीवर पाणी. कासमला फोन गेले. दोनदा त्याने फोनवरच नाही म्हटलं. तिसऱ्यांदा तो स्वतः आला, कारण नाही म्हणायचं तर तोंडावर म्हणावं अशी त्याची रीत. व्हरांड्यात पाहुणे चहा घेत होते, एक बाई मोबाइलवर पावसाचं चित्रण करत होती. कासम म्हणाला, "साहेब, वल्यात चढत न्हाई मी. दोन दिस उघडीप पडू द्या." साहेब चिडले. चारचौघांत नकार मिळाला होता. हौसाबाईकडे वळून म्हणाले, "मग तू चढ. नुसतं खायला ठेवलंय का तुला? नाही जमत तर खोली रिकामी कर."

हौसाबाईने लुगड्याचा कासोटा घट्ट केला आणि शिडी लावली. "कुटं जाणार हुते गुरजी मी," ती मला म्हणाली. "दुसऱ्या पायरीवर हुते, तवा कासमभाऊनं मागनं हाक मारली."

"मावशे, उतर खाली."

"ऱ्हाऊ द्या भाऊ, चढते मी."

"उतर म्हनतो ना."

त्याने तिला दंडाला धरून उतरवलं, चपला काढल्या, त्या भिंतीशी नीट जोडून ठेवल्या आणि वर गेला. दहा-बारा मिनिटं तो वर होता. गळती सापडली होती, तसं त्याने ओरडून सांगितलंही. नंतर आवाज आला तो कौलं घसरल्याचा, आणि मग फरशीवर...

त्याला शुद्ध होती. गाडीत घालायचं ठरलं, तेव्हा साहेब म्हणाले, "एक मिनिट," आणि आतून प्लास्टिकचा कागद आणायला सांगितला. सीट खराब होऊ नये म्हणून. हौसाबाईने कागद आणला, चालकाने तो नीट पसरला, कोपरे खाली खोचले आणि मग कासमला आत ठेवलं. साहेब गेले नाहीत, पाहुणे होते ना घरी. हौसाबाई मात्र त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. भुकूमपाशी गाडी अडली. मे महिन्यातले ढग बघायला निम्मं पुणं बाहेर पडलं होतं. समोरून गाड्यांच्या दोन दोन रांगा, कुणी मागे घ्यायला तयार नाही. हौसाबाई काच खाली करून ओरडत होती, "सोडा वो, मानूस हाय आत." पलीकडच्या गाडीतली पोरं छतातून डोकं बाहेर काढून गाणी म्हणत होती. त्यांनी तिला हात हलवून दाखवला. त्यांना वाटलं, तीही मजेतच ओरडतेय... पाऊण तास. कासमने एकदाच विचारलं, "मावशे, पाऊस थांबला का?" ती खोटं बोलली, "व्हय, थांबला." त्यानंतर तो बोलला नाही.

दफनाला मी पोचलो तेव्हा खड्ड्यात पाणी साचत होतं. त्याची मुलं बादल्यांनी उपसत होती. मे महिन्यात कबरीतलं पाणी उपसावं लागलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. माती टाकून झाली, लोक छत्र्या सावरत पांगायला लागले, तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "काही म्हणा, हवा लई झ्याक पडलीया यंदा." मी त्या माणसाकडे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर थुंकलो असतो, आणि ते थुंकणं निम्मं माझ्याच तोंडावर उडालं असतं.

तिसऱ्या दिवशी साहेब आले. आंब्याची पेटी घेऊन. रजियासमोर हात जोडून म्हणाले, "फार वाईट झालं. पण वय झालं होतं हो, त्यांनी चढायला नको होतं." तिथे दहा-बारा माणसं होती. सगळ्यांना खरं ठाऊक होतं. एकही बोलला नाही. मीसुद्धा. मास्तरकीची सगळी वर्षं पोरांना 'खरे बोलावे' फळ्यावर लिहून दिलं आणि त्या दिवशी माझी जीभ टाळूला चिकटली. बोलली ती दाराबाहेर उकिडवी बसलेली हौसाबाई. जागेवरून न उठता म्हणाली, "साहेब, तुमी मला चढ म्हनला हुता. म्हनून त्यो चढला." साहेबांचा चेहरा उतरला. ते उठून गेले. हौसाबाईने त्याच दिवशी खोली सोडली, आता ती मालेला बहिणीकडे असते. आंब्याची पेटी रजियाने उघडली नाही. ती तशीच ओसरीवर सडली, माश्या घोंघावल्या, आणि शेवटी सुनेने ती उकिरड्यावर नेऊन टाकली. तो सडका गोड वास घेताना मला वाटलं, त्या घरात तेवढी एकच वस्तू आपला खरा वास देत होती.

परवा साहेबांचा मला फोन आला. आधी हवापाण्याचं बोलले. मग म्हणाले, "गुरुजी, वरच्या खोलीचं काम अर्धवट राहिलंय. दुसरा कोणी माणूस आहे का तुमच्या ओळखीत?" मी म्हणालो, "होता." आणि फोन ठेवला. रजियासमोर जे बोलायला हवं होतं, त्यातलं हे एवढंच मला जमलं, तेही फोनवर.

काल एक प्लास्टिकचा मोठा ताव आणि गावातला एक गडी घेऊन मी कासमच्या घरी गेलो. दर वर्षी कासम सगळ्यांची घरं करून झाली की मेच्या शेवटी आपलं शाकारायचा. यंदा ते शेवटचं घर राहून गेलं. आत पाच ठिकाणी भांडी मांडलेली होती... पातेलं, परात, पोरांची आंघोळीची बादली. गडी शिडी लावायला लागला, तशी रजिया बाहेर आली.

"नगं गुरुजी. कुनी चढायचं न्हाई."

"अगं, पण सगळं घर गळतंय."

"गळू द्या. दिवाळीनंतर ऊन पडंल तवा बघू."

मी गड्याला परत पाठवलं. तिने मला आत, कोरड्या कोपऱ्यात पाट दिला. चहा होईपर्यंत एक पातेलं काठोकाठ भरलं. रजियाने ते उचललं, दारातून पाणी लांब फेकलं आणि वर न बघता पुन्हा बरोबर त्याच जागी ठेवलं.