कश्यावरून?

निबंधाच्या बाई म्हणून सगळी वस्ती त्यांना ओळखायची. निवृत्त झाल्या तरी शिकवण्या चालूच होत्या. आधी मुख्य विधान, मग मुद्दे, मग लेखन, हा त्यांचा खाक्या. विधान कच्चं दिसलं की समासात लाल शाईने एकच शब्द: कशावरून? त्या शब्दाने भल्याभल्यांची भंबेरी उडायची.

धाकट्या बहिणीला जाऊन वर्ष होत आलं, तेव्हा भाची म्हणाली, "मावशी, आईच्या आठवणींचं पुस्तक काढतेय. पहिला लेख तुझाच हवा. शनिवारी न्यायला येते."

दुपारी वही उघडून बाईंनी विधान लिहिलं, 'माझं बहिणीवर जिवापाड प्रेम होतं.' चहा घेऊन परतल्या, तर समासात लाल अक्षरं होती, 'कश्यावरून?'

बाईंनी कप बाजूला ठेवला. घरात दुसरं चिटपाखरू नव्हतं. लाल पेन टोपण लावून जागच्या जागी होतं. आणि 'श'ला 'य' जोडायची खोड बाईंची नव्हेच, ती धाकटीची. शंभरदा सुधारून दिलं, तरी हसून म्हणायची, "ताई, अर्थ कळला ना? मग झालं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी विधान बदललं, 'आमच्यात अबोला होता, पण माया आटली नव्हती.' पाणी पिऊन येईपर्यंत समासात पुन्हा तेच.

तिसऱ्या दिवशी लिहिलं, 'ती माझ्या घराच्या जिन्यात कोसळली तेव्हा मी गावाला नसते गेले, तर तिला वाचवलं असतं.' या वेळी शब्दाखाली दोन रेघा होत्या आणि शाई ओली होती. चाळीस वर्षं लोकांची विधानं पक्की करून दिली, आणि स्वतःचं एक धड उभं राहीना.

शनिवारी दुपारी मन घट्ट करून त्यांनी एकच ओळ लिहिली आणि समासाकडे बघत बसल्या. समास कोराच राहिला.

तेवढ्यात दारावर थाप पडली. दोनदा, मग जरा थांबून तिसरी. धाकटी अशीच वाजवायची. बाई धावल्या आणि त्यांनी दार उघडलं.

दारात भाची होती. बाईंनी वही तिच्या हातात दिली. तिने वाचलं, 'त्या दुपारी ती दार वाजवत होती, मी घरातच होते आणि मी उघडलं नाही.'

"मावशी, पण तू तर गावाला गेली होतीस ना?"

"नव्हते गं," बाई म्हणाल्या.