अण्णा जातील, त्यांना अर्धं तिकीट

शेजारच्या खोलीतल्या अण्णांची पिशवी कधी रिकामी झालेली मी पाहिली नाही. टॉवेल, धोतर, तपकिरीची डबी आणि प्लास्टिकच्या पाकिटात जपलेला वयाचा दाखला, एवढं सामान घालून ती दाराशी खुंटीला सदा टांगलेली. बोलावणं कधी येईल याचा नेम नसे, आणि आलं की नाही म्हणणं अण्णांना जमत नसे.

मी लग्न होऊन बदलापूरच्या त्या चाळीत आले तेव्हा अण्णा अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीतून नुकतेच निवृत्त झाले होते. दारात खुर्ची टाकून निवांत पेपर वाचत बसायचे. पुढे पासष्टी उलटली, एसटीत म्हाताऱ्यांना अर्धं तिकीट मिळतं हे घरात कळलं, आणि त्यांचं स्वास्थ्य संपलं. आपल्याकडे लग्न असो, बारसं असो की दहावा, घरातलं कोणीतरी माणूस गेलं पाहिजे. मुलगा दिलीप शिफ्टमध्ये, सून पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात, आणि अण्णांची बायको, म्हणजे आमच्या काकू, नातवंडांच्या मागे. मग जाणार कोण? उत्तर ठरलेलं होतं. "अण्णा जातील. त्यांना अर्धं तिकीट."

आणि अण्णा जायचे. ज्याचं नावही धड माहीत नाही अशा नवऱ्यामुलाच्या डोक्यावर अक्षता टाकायचे, जेवायचे आणि दुसऱ्या दिवशी परत. एकदा तर नगरकडच्या कुठल्याशा गावात भलत्याच मांडवात आहेर देऊन आले. चूक कळली तोवर पंगत उठली होती. "दिलेला आहेर परत कसा मागायचा?" मला म्हणाले. "त्यांनी मला टॉवेल-टोपीसुद्धा केली. चांगली माणसं होती." हळूहळू चाळीलाही सवय लागली. आमच्या सासूबाईंनी मुरबाडच्या नणंदेला पापडाचा डबा त्यांच्याच हाती धाडला होता.

आहेराचं कापड ते उल्हासनगरला दोन नंबर कॅम्पातल्या एका सिंधी शेठकडून आणत. शेठ त्यांच्याच वयाचा. "साईं, आपको बुजुर्गवाला भाव लगाया है, किसी को बोलना मत," असं तो दर वेळी कानात सांगायचा, आणि अण्णा ते अख्ख्या चाळीला सांगायचे. मी तोच खण त्याच भावात आणलेला होता, पण बोलले नाही. वयाचा एवढाच काय तो मान त्यांच्या वाट्याला येत होता.

काकू त्यांच्याहून सहा वर्षांनी लहान. त्यांचं माहेर माळशेज घाटापलीकडे, ओतूरजवळ. तिथे थोरला भाऊ आणि वहिनी. काकू कित्येक वर्षांत तिकडे फिरकल्या नव्हत्या. विषय निघाला की अण्णा म्हणायचे, "हिचं वय बसू दे. मग दोघंही अर्ध्यात जाऊ." एखादी मोठी भेट ठरवून ठेवावी तशा मायेने म्हणायचे, म्हणून त्यांच्यावर रागावताही येत नसे.

काकूंच्या सख्ख्या भाच्याच्या लग्नालाही अण्णाच गेले. काकूंनी पिशवी भरली, आहेराचा खण घडी मोडू नये म्हणून सगळ्यात वर ठेवला आणि त्या कुकर लावायला वळल्या. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "काकू, माहेर तुमचं आणि मिरवायला हे?" त्या हसल्या. "अगं, मी गेले तर पोरांना शाळेतून कोण आणील? आणि फुल तिकीट काढून जाते म्हटलं, की सगळं घर माझ्या तोंडाकडे बघत बसतं." त्यांना कोणी अडवत नव्हतं, वाईट तेच होतं. अडवलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

मग एकदा खालच्या वाण्याच्या फोनवर निरोप आला की काकूंचा भाऊ अंथरुणाला खिळलाय, तब्येत बरी नाही. घरात पुन्हा तेच झालं आणि अण्णा निघाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आले ते घरात न जाता आमच्या पायरीवर बसले. पिशवी मांडीवरच होती.

"मी आत शिरलो," म्हणाले, "तर मेव्हणा माझ्याकडे बघेचना. माझ्या मागं दाराकडे बघत राहिला. म्हणाला, 'पाव्हणं, शकी न्हाई आली?' मी म्हटलं, हिचे गुडघे धरलेत. खोटं बोललो गं मी त्या माणसाशी."

वहिनींनी काकूंच्या ओटीची साडी-चोळी कधीची घेऊन ठेवली होती. अण्णांनी भोळेपणाने म्हटलं, द्या, मी नेतो. वहिनी म्हणाल्या, "पाव्हणं, ओटी काय पिशवीतून धाडत्यात व्हय? ती यील तवा तिच्या पदरात घालीन."

त्या रात्री जेवताना अण्णा म्हणाले, "उद्या हिला घेऊन जातो." आमच्या दोन खोल्यांमध्ये नुसती फळ्यांची भिंत, सगळं ऐकू यायचं. कोणी नाही म्हणालं नाही. दिलीप म्हणाला, "जा ना अण्णा, पण उद्यापासून माझी सेकंड शिफ्ट आहे. रविवारी निघा, मी घरी असेन." सून म्हणाली, "पोरांची परीक्षाही शुक्रवारी संपतेय, आई." दोघांचंही खोटं नव्हतं. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. मग अण्णा म्हणाले, "बरं. रविवारी."

शनिवारी दुपारी वाण्याने वर येऊन सांगितलं की भाऊ गेला. काकू नेसत्या लुगड्यानिशी निघाल्या आणि अण्णा त्यांच्या मागोमाग. फुल तिकिटाची आठवण त्या दिवशी कोणालाच झाली नाही.

पुढचं मला काकूंनी सांगितलं. तेरावा झाला, निघायचा दिवस आला. भाच्याची बायको ओटीचं ताट घेऊन पुढे आली. नारळ, तांदूळ आणि वहिनींनी जपून ठेवलेली तीच साडी. वहिनी मात्र कपाळ मोकळं घेऊन माजघराच्या दाराआड उभ्या. विधवेने ओटी भरायची नसते, कोणी सांगायची गरज नव्हती.

अण्णा ओट्यावर चपला घालत होते. त्या काढून ते आत आले. म्हणाले, "ओटी वहिनी भरतील."

वहिनी आतूनच म्हणाल्या, "मला आता चालत न्हाई, पाव्हणं."

"आम्ही वेळेत आलो असतो तर चाललं असतं," अण्णा म्हणाले. "उशीर आम्ही केला. तुम्ही का मागं राहता?"

भावकीतला एक म्हातारा रीतभातीचं काहीतरी बोलू लागला. काकू सांगत होत्या, अण्णा जागचे हलले नाहीत. जन्मभर ज्यांनी कोणाचा शब्द खाली पडू दिला नाही, त्यांनी त्या म्हाताऱ्याकडे वळूनही पाहिलं नाही. मग काकूच भाच्याच्या बायकोला वळसा घालून माजघराच्या दाराशी गेल्या आणि वहिनींपुढे त्यांनी पदर पसरला. भाच्याच्या बायकोने ताट वहिनींपुढे धरलं; ओटी भरताना त्यांच्या ओंजळीतले निम्मे तांदूळ जमिनीवर सांडले. काकूंनी ते बसून वेचले आणि पदराच्या गाठीत बांधून बदलापूरला आणले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या तांदळाचा भात लावला. मी आमटी द्यायला गेले तेव्हा अण्णा पानावर बसले होते. वाफाळता भात समोर आणि हात मांडीवर. घास काही उचलेना. काकूंनी त्यांच्या भातावर तुपाची धार धरली.

"उशीर झाला तो तुमच्यामुळं," त्या म्हणाल्या, "आणि पदरात पडलं तेही तुमच्यामुळं. जेवा आता."