सुपं घेऊन वरसाव्यापर्यंत

कोकणात जायला निघालेला माणूस वरसाव्यात अडकतो, याला प्रवास म्हणायचं का? भाईंदरला इंद्रलोकमधल्या आमच्या बिल्डिंगपासून वरसाव्याचा नाका तो किती लांब! रिक्षाने जाऊन भाजी घेऊन परत यावं, एवढा. तिथे आमची रत्नागिरीची बस सकाळपासून उभी होती आणि माझ्या मांडीवर सुपांची चळत होती. क्लीनर दोनदा येऊन म्हणाला, "मौसी, ये टोपली ऊपर रख दो." टोपली! मी त्याच्याकडे असं बघितलं की तो तिसऱ्यांदा आला नाही.

सुपं माझ्या सुनेच्या ओवशाची होती. आमच्याकडे नवी सून गौरीपुढे सुपं ओवाळते. त्यात काकडी, पडवळ, नारळ, खारका, विडे भरायचे, आणि ओवाळून झालं की एकेक सूप घरातल्या मोठ्या बायकांच्या हातात देऊन पाया पडायचं. पण हा पहिला ओवसा वाटेल त्या वर्षी होत नाही. पावसाचं पूर्वा नक्षत्र चालू असताना गौर आली, तरच. सुनेचं लग्न झाल्यापासून पूर्वा लाभलीच नव्हती. आणि ओवसा झाला नाही तोवर गावच्या बायका तिला पंगतीला धरत नव्हत्या. "तुझा व्हायचाय ना अजून? बस तिकडे." दोन गणपती ती पोर तिकडे बसली. यंदा पूर्वा होती. मुलाने साहेबाचे पाय धरून सुट्टी मिळवली होती. उद्या गौर येणार, परवा ओवसा.

आणि खाली कोकणात महामार्गावर दरड कोसळली.

मुलगा मोबाइलवर बातम्या दाखवत होता. निसर्गाचा कोप म्हणे! कोप कसला डोंबलाचा? दरड दरवर्षी त्याच वळणावर येते, आम्ही काय बघत नाही? रस्ता रुंद करायचा म्हणून डोंगर भाकरी मोडावी तसा मोडला आणि उभाच्या उभा सोडून दिला. ना भिंत, ना जाळी. मग पावसाने काय करावं, परवानगी मागून पडावं? नाचता येईना अंगण वाकडं. आणि आम्ही लोकही असे की दरवर्षी त्याच वळणावर हात जोडतो आणि गाडी सुखरूप गेली की विसरतो.

बरं, दरड तिथे आणि आम्ही इथे का अडकलो? तर वरसाव्याच्या पुलाजवळ गुडघाभर पाणी आणि त्यात ट्रक बंद पडलेले. ते पाणीही दरवर्षीचंच. शेवटी ड्रायव्हरला मालकाचा फोन आला.

"रोड बंद है. गाडी वापस लेने को बोला."

"आणि गौर?" मी विचारलं. त्याला काय कळणार? मग हिंदीत म्हटलं, "हमारा पूजा है गाव में. साल में एक बार आती है देवी."

"कुदरत के आगे किसका चलता है, मौसी."

तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्या बिचाऱ्यावर ओरडून काय उपयोग? तोही पहाटेपासून चहाशिवाय बसला होता.

मी गावी मोठ्या जाऊबाईंना फोन लावला. म्हटलं, "वहिनी, रस्ता बंद झालाय. इथे घरातच गौर बसवून ओवसा केला तर?"

"अगो, खुळी काय तू?" त्या म्हणाल्या. "गौर काय बिल्डिंगीत येते? हितं माजं सूप, आतेसासूचं सूप, गावदेवीचं सूप, ती कोन घेनार? ऱ्हाऊ दे. आता पुढची पूर्वा येल तवा बघू."

पुढची पूर्वा! जणू पुढची बसच. आणि सुपं कुणाची ते त्यांनी मला नव्याने सांगायची गरज नव्हती. पहिलं गौरीचं, मग गावदेवीचं, मग त्यांचं, मग आतेसासूबाईंचं, मग सुनेच्या माहेरचं. त्यात माझं नव्हतं. नवरा गेला तेव्हापासून नाही. विधवेच्या हातात ओवशाचं सूप देत नाहीत आमच्याकडे. रीत आहे, म्हणून मी कधी विचारलंही नाही. सुपं मात्र भाईंदरच्या बाजारात बुरडाशी हुज्जत घालून मीच आणली, दोरे मीच गुंडाळले, आणि आता मांडीवर घेऊन मीच बसले होते.

फोन स्पीकरवर होता. सुनेने सगळं ऐकलं. ती उठली, बसमधून उतरली आणि पावसात रस्त्याकडेच्या चढावर गेली. मला वाटलं रडायला गेली. बघते तर ही तेरडा उपटतेय! जांभळ्या-गुलाबी फुलांचा, मुळासकट. आमची गौर तेरड्याचीच असते.

"अगं, चिखल! साडी बघ!" मी खिडकीतून ओरडले.

"धुता येते, आई," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाथरूमच्या बादलीत ठेवलेला तेरडा आमच्या हॉलमध्ये गौर होऊन बसला. तिसऱ्या दिवशी सुनेने सुपं ओवाळली. शेजारची गुजराती बाई मोबाइलवर व्हिडिओ काढत होती. गौरीचं सूप ठेवून झालं, गावदेवीच्या नावाचं बाजूला ठेवलं, आणि मग जाऊबाईंचं सूप घेऊन ती माझ्यासमोर उभी राहिली.

"आई, घ्या."

"मला चालत नाही."

"मग कुणाला देऊ? गावचा रस्ता बंद आहे."

मी चिडले. खरंच चिडले, तिच्यावर नाही. इतकी वर्षं मी दाराआडून दुसऱ्यांच्या हातात सुपं जाताना बघत आले, आणि त्यालाही निसर्गच म्हणत आले. पाऊस पडतो, दरड येते, विधवेला सूप देत नाहीत. कुणी केलं म्हणून कुणावर ओरडायचं? मी सूप घेतलं. ती पाया पडली. मुलगा उगाचच खिडकीकडे बघत होता.

संध्याकाळी जाऊबाईंचा फोन आला. आवाज अगदी आनंदाचा.

"अगो, सुटला रस्ता! एका बाजूनं गाड्या सोडतायत. आता निघा. उद्या विसर्जनाच्या आधी सुपं हितं आली म्हंजे सगळं रीतीनं होयल."

मी खिडकीबाहेर बघितलं. पाऊस थांबला होता. खाली रिक्षा मजेत धावत होत्या. सून माझ्या तोंडाकडे बघत होती.

"नाही हो वहिनी," मी म्हटलं. "वरसाव्यापुढे अजून काहीच जात नाहीये."

आणि फोन ठेवून माझ्या सुपातली काकडी चिरायला घेतली.