जहाजावरचं पाणी

जगदेवी औशाच्या बसस्टँडजवळ खानावळ चालवायची. टँकरचं पाणी विकत घ्यावं लागायचं, तेव्हाही ती गिऱ्हाइकापुढं आधी पाणीच ठेवायची. मुलगा सोमेश तिला परदेशात जहाजाच्या सहलीला घेऊन गेला. पहिल्याच जेवणाला तिनं पाणी मागितलं, तर वेटरनं बाटल्यांचे दर दाखवले.

"जेवायला बसवून पाण्याचे पैसे?" ती कडाडली.

"आई, यांच्यात अशीच रीत हाय. सगळे बघायलेत," सोमेश कुजबुजला.

"बघू दे! घास घशात अडकला, तर आधी बिल करतेत का काय?"

ती तरातरा खोलीत गेली आणि नळाचं पाणी बाटलीत भरून घेऊन आली. शेजारच्या गोऱ्या बाईलाही देऊ लागली, तर बाईनं हसून ग्लासावर हात ठेवला. संतापलेल्या जगदेवीनं आपलाच ग्लास भरला आणि सगळ्यांसमोर घटाघटा रिकामा केला.