मामीसाठी शनी थांबवताना

माझा मामा जन्मभर लिफ्टचा मेकॅनिक होता आणि त्याच्या खिशात कायम कुठला ना कुठला फ्यूज असायचा. त्याच्या धंद्याचा पहिला नियमच तो. यंत्रात हात घालायच्या आधी फ्यूज काढायचा आणि स्वतःच्या खिशात ठेवायचा. टेबलावर नाही, बोर्डावर नाही, खिशात. म्हणजे आपण वर गिअरमध्ये हात घालून बसलोय आणि खाली कुणा शहाण्याने बटण दाबलं, असं होत नाही. नियम सोन्यासारखा आहे, माझं काही म्हणणं नाही. पण मामा निवृत्त झाला तरी नियम निवृत्त झाला नाही. मिक्सर मध्येच अडला तरी हा स्वयंपाकघराचा फ्यूज काढणार, मग मध्येच फिरायला जायची वेळ होणार, फ्यूज मामाबरोबर बागेत आणि मामी अर्धवट वाटलेल्या मसाल्यापुढे कपाळाला हात लावून उभी.

निवृत्तीनंतर त्याला आकाशाचं वेड लागलं. गच्चीवर दुर्बीण आली. त्यातही शनीवर त्याचा भारी जीव. "सगळ्या जगाच्या मागे शनी लागतो," मामी म्हणायची, "आमच्याकडे उलटं आहे."

ती दुर्बीण हाताने फिरवायची होती. आकाश सरकत असतं, त्यामुळे नेम धरून लावलेला शनी बघता बघता निसटून जातो. मामीची मान आखडलेली. हॉस्पिटलच्या टेलिफोनवर वर्षानुवर्षं रिसीव्हर खांद्यात दाबून बसली, त्याची ही कमाई. तिने खुर्चीत बसायचं, चष्मा काढायचा, मान बेताबेताने वाकवायची, एवढं होईतो भिंगात नुसता काळोख. मग ती म्हणायची, "दिसलं हो. छान आहे." मामा खूश आणि मामीची सुटका.

हे बिंग फुटलं शेजारणीमुळे. तिने सहज विचारलं, शनी दिसतो तरी कसा? मामी ठामपणे म्हणाली, "निळा. गोल. चांगला चकचकीत." मामा तिथेच पेपर वाचत बसला होता. त्याने पेपरची घडी घातली. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन म्हणाला, "तिला बिचारीला कधी दिसलाच नाही गं. आणि मी मूर्ख तिला कड्याच्या गोष्टी सांगत बसलो."

मग त्याने दुर्बिणीखाली बसवायचं मोटारीचं यंत्र मागवलं. त्याला माऊंट म्हणतात. एकदा शनी धरून दिला की ते त्याच्यामागोमाग आपणहून दुर्बीण फिरवत राहतं. बघणाऱ्याने वाटलं तर आधी चहा प्यावा. पण यंत्र आलं तेच उशिरा. मामी दुसऱ्याच दिवशी सकाळच्या गाडीने लेकीकडे निघणार होती, बाळंतपणाला. ती परत येईपर्यंत शनी सूर्याआड गेलेला असणार. म्हणजे जे काय दाखवायचं ते याच संध्याकाळी, आणि तेही शनी समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीमागे जायच्या आत.

मी मामीची बॅग भरायला गेले होते. दिवेलागणीला गच्चीवरून हाक आली, "टॉर्च घेऊन ये." आवाजावरूनच कळलं, काहीतरी फिसकटलंय.

मामाने बॅटरीचा डबा लावला होता, वायर जोडली होती, बटण दाबलं होतं. माऊंटवरचा लाल दिवा लागायला तयार नव्हता.

"बॅटरी उतरली असेल," मी म्हटलं.

"मला शिकव आता." त्याने मीटर लावला. बॅटरी ठणठणीत होती.

"मग बटण?"

"बटण चालतंय. टॉर्च नीट धर, माझ्या तोंडावर काय मारतेस?"

पश्चिमेला शनी पिवळट, शांत, आमची गंमत बघत असल्यासारखा. त्याच्याखाली टाकी. मामाने वायर काढली, तिच्या दोन्ही टोकांना मीटर लावला. वायर धड असली की मीटर वाजतो, हा ढिम्म. मामाच्या कपाळावर घाम आला. लिफ्टमध्ये माणसं अडकलेली असतानाही हा माणूस शिट्टी वाजवत जिना चढायचा, असं त्याच्या कंपनीतले लोक सांगतात. तो आज घाबरला होता.

"वायरच तुटकी पाठवली," तो म्हणाला. "दुकानदाराला सोडत नाही मी."

"प्लग उघडून बघ की आधी."

गाडीत लावतात तसला तो प्लग. त्याच्या टोकाची टोपी फिरवून काढली तर आत एक स्प्रिंग आणि फ्यूजची रिकामी जागा. जळका फ्यूज नव्हे. फ्यूजच नाही.

"बघ," मामा ओरडला, "फ्यूज न घालता माल पाठवतात लेकाचे! लाज नाही..."

"अहो," खालून मामीचा आवाज आला, "दुपारी तुम्ही त्याला ग्रीस लावत होतात ना?"

मामाने माझ्याकडे बघितलं. मी मामाच्या खिशाकडे बघितलं. शर्ट दुसरा होता. संध्याकाळी आंघोळ करून, बायकोला शनी दाखवायचा म्हणून, त्याने इस्त्रीचा घातला होता.

मी हसू दाबायचा प्रयत्न केला आणि तो अजिबात जमला नाही. मामाही आधी चिडला, मग कठड्याला धरून हसायला लागला. हसता हसताच जिन्याकडे पळाला. "दुपारचा शर्ट कुठाय?"

"मशीनमध्ये. धुऊन झाला."

"अगं, त्यात..."

"खिसे बघितल्याशिवाय मी कधी कपडे टाकते का?" मामी एक डबा घेऊन जिना चढत होती, एकेक पायरी. मामाने तो उघडला. आत फ्यूजच फ्यूज. काचेचे, चिनी मातीचे, स्क्रूंच्या आणि वायसरांच्या गर्दीत. संसारभर त्याच्या खिशांतून निघालेलं सगळं तिने साठवलं होतं. "काय कामाचं ते मला कळत नाही," ती म्हणाली, "पण टाकवत नाही."

सगळ्यात वर दुपारचा फ्यूज होता. मामाने तो फुंकर मारून बसवला, टोपी फिरवली, बटण दाबलं. लाल दिवा लागला. मोटार बारीकशी घुरघुरली आणि मला, जिला या आकाशप्रकरणात काडीचा रस नाही, टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मामाने शनी धरला, टाकीच्या जेमतेम वीतभर वर, आणि बाजूला झाला.

मामी खुर्चीत बसली. चष्मा काढला, माझ्याकडे दिला. पाठीशी उशी घेतली. मान थोडी वाकवली, थांबली, आणखी वाकवली. यंत्र घुरघुरत होतं.

मामाला राहवेना. "अगं, दिसतोय का?"

"याला खरंच कडं आहे," मामी म्हणाली.

"मग मी इतकी वर्षं काय सांगत होतो?"

"मला वाटायचं, तुम्ही रंगवून सांगता." डोळा तिने भिंगावरून काढला नव्हता. "पण सांगताना तुमचा चेहरा इतका छान व्हायचा, म्हणून ऐकत बसायचे."

मामाने तिच्या पाठीमागची उशी जरा सरळ केली.