जीजीचं इन्शुलिन

आज सकाळी जीजी गेली. मला रडू आलं नाही. आधी झोप आली.

इतकी वर्षं तिची शुगर, तिचं डायलिसिस, तिचं पथ्य. शरीराचा पार चोळामोळा झालाय माझ्या. सगळ्यांचे फोन येतायत, उचलवत नाहीत. म्हणून इथंच लिहिते.

पुष्पाजीजी माझी थोरली बहीण. आमचं घर जळगावचं, मारवाडी जैन, कापडाचं दुकान.

साठ-पासष्ट सालातली गोष्ट असेल. जीजी मॅट्रिकला होती. अचानक वाळायला लागली. माठच्या माठ पाणी प्यायची, तरी तहान भागेना. दादी म्हणायची, "नजर लागली गं पोरीला."

डॉक्टर घरचेच, म्हणजे असोद्याचे पाटील, बाबूजींचे दोस्त. त्यांनी लघवी निळ्या औषधात घालून उकळली. निळं होतं ते विटकरी लाल झालं.

"डायबेटिस. रोज इन्शुलिन टोचावं लागेल. नाही टोचलं तर पोरगी हाताला लागणार नाही, भाऊ."

दादीने विचारलं, "हे औषध बनतं कशाचं?"

डॉक्टर खोटं बोलणारे नव्हते. "जनावराच्या पोटातल्या ग्रंथीतून काढतात, आजी. दुसरं कुठलं निघालेलं नाही अजून."

आमच्या घरात कांदा-बटाटा येत नव्हता. पाणी गाळल्याशिवाय कुणी पीत नव्हतं. बाबूजी खाली मान घालून बसले.

दादी उठली, छोटा स्टोव्ह आणि एक पातेलं उचलून अंगणात नेऊन ठेवलं.

"सुई इथं उकळा. माझ्या स्वयंपाकघरात आणायची नाही."

एवढाच तिचा होकार.

मग रोज सकाळी काचेची सिरिंज उकळायची, जीजीच्या मांडीत टोचायची. फ्रिज कुठला त्या काळी? बाटली ओल्या वाळूत पुरलेल्या मडक्यात. टोचायचं काम माझ्याकडे, कारण आईला ते बघवायचं नाही.

जीजी एकदा म्हणाली, "तुम्ही सगळे सकाळी उठून चहा पिता. मी उठते तेव्हा कुणीतरी माझ्यासाठी मेलेलं असतं."

मी म्हटलं, "पाय सरळ कर."

त्या वर्षी पर्युषणात तिने हट्टाने एकासणं धरली. दिवसातून एकदाच जेवायचं आणि सूर्य मावळल्यावर तोंडात काही नाही. इंजेक्शन मात्र पूर्ण घेतलं, कारण डॉक्टरांनी रोजचं म्हणून सांगितलेलं. आम्हाला वाटलं, वा, पोरगी दोन्ही नियम पाळतेय! अडाणी बाया आम्ही.

दिवेलागणीला ती घामाने भिजली. बडबडायला लागली. मग डोळे फिरवले.

डॉक्टरांनी बजावलं होतं, अंगातली साखर फार उतरली की असं होतं, लगेच साखर द्या. पण घरात साखर म्हणजे जीजीचं विष, डबा कुलपात. त्यात सूर्य मावळलेला, पर्युषण चालू, आणि तिचं व्रत.

आईने कुलूप काढलं, साखर पाण्यात कालवली. बाबूजी वाटी हातात घेऊन तसेच उभे. एकदा आभाळाकडे बघायचे, एकदा दादीकडे.

दादी ओरडली, "बघत काय बसलास मेल्या! आण इकडे!"

आणि तिने, जन्मात रात्री पाण्याचा घोटही न घेतलेल्या बाईने, बोटाने ती साखर जीजीच्या हिरड्यांना चोळली. पुन्हा पुन्हा. "पाप मला लागू दे. मला लागू दे."

थोड्या वेळाने जीजीने डोळे उघडले. तोंडात गोड लागलं तशी हमसून रडायला लागली. "माझं व्रत का मोडलंत? मला कुणी विचारलं?"

दादी म्हणाली, "तू असशील तर विचारू ना."

दुसऱ्या दिवशी दादी साध्वीजींकडे गेली, प्रायश्चित्त घेऊन आली. जीजीचे उपास कायमचे बंद झाले.

पण संवत्सरीला आम्ही सगळे एकमेकांची क्षमा मागतो ना, तेव्हा घरच्यांचं झालं की जीजी अंगणात जायची. स्टोव्हपाशी हात जोडून म्हणायची, "ज्या जीवांवर मी जगले, त्यांना मिच्छामि दुक्कडं." दरवर्षी.

तिचं लग्न झालं नाही. साखरवाली मुलगी कोण करून घेणार? शाळेत शिकवत राहिली.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी डॉक्टर पेपर घेऊन आले. परदेशात लॅबमध्ये जंतूंकडून माणसासारखं इन्शुलिन बनवलंय म्हणे, जनावर लागतच नाही. दादी तेव्हा अंथरुणावर होती. नंतर रोज विचारायची, "आलं का गं ते?"

"येईल, दादी."

ते आपल्याकडे यायला खूप वर्षं लागली. दादी थांबली नाही.

जीजीच्या हातात ती बाटली पहिल्यांदा आली तेव्हा मी लग्न होऊन धुळ्याला होते. तिने फोन करून सांगितलं. मग हसली. "जंतूसुद्धा जीवच ना गं? माझी काही सुटका नाही."

रिटायर झाल्यावर ती माझ्याकडेच आली. डोळे गेले, मग किडन्या गेल्या. मी हात धरून न्यायचे, आणायचे. कधी चिडायचे, ती ऐकून घ्यायची.

गेल्या संवत्सरीला डायलिसिसहून आलो. दोघी अगदी गळून गेलेलो. मी तिच्या चपला काढत होते. तिने चाचपडत माझं डोकं शोधलं आणि हात जोडले.

"बाकीच्यांचं झालं. तुझं राहिलं. तुझ्याही जिवावर जगले गं मी. मिच्छामि दुक्कडं."

मी म्हटलं, "गप गं. पाय वर घे."

जीजी, थकले मी, खोटं कशाला बोलू. पण तू अजून मागितलं असतंस तर अजून दिलं असतं.

माझं काहीच येणं नाही तुझ्याकडे. निवांत जा.